हळदीवाली मंडळी

हळदीवाली मंडळी हे नाव आम्हीच ठेवलं, आणि चिडवायला म्हणूनच ठेवलं. त्यांचं खरं नाव होतं 'स्वतंत्र ख्रिस्ती मंडळी, शिंदखेडा'. ते वनाभाऊंनी स्वतः सागाच्या फळीवर कोरून आपल्या अंगणातल्या निंबाला टांगलं होतं. पण ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. नावं ठेवण्यात आमची मिशनची मंडळी आधीपासूनच तरबेज.

वनाभाऊ मिशनचे सुतार. आमच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, बाकं त्यांनी केलेली, व्यासपीठ त्यांचं, दारं-खिडक्या त्यांच्या, आणि दाराखालचा सागाचा उंबरठाही त्यांचाच. मंडळीच्या वडिलांमध्ये, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांमध्ये, त्यांचा शब्द पहिला. ख्रिस्ती लग्नात हळद लावायची नाही, असा नियम झाला तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला तोही त्यांनीच. तेव्हा त्यांची रिबका पाळण्यात होती, आणि पाळण्यातल्या पोरीच्या लग्नाचा विचार कोणी करत नाही.

रिबका मोठी झाली, मिशनच्या शाळेत शिकली. एकोणीसशे एकतीसच्या सुमारास पारोळ्याच्या भिकनभाऊंच्या शांतवनशी तिचं ठरलं. मुलगा तिकडच्या मिशन शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब. सगळं सुरळीत होतं. मग शेजारच्या पाटलांच्या वच्छलेचं लग्न निघालं. रिबका तिची मैत्रीण, म्हणून हळद कुटायला बसली आणि कोपरापर्यंत पिवळी होऊन घरी आली. हात न धुताच तिनं आईला विचारलं, "माय, माले बी हयद लागी का?"

आई म्हणजे भागाबाई. त्यांचं स्वतःचं लग्न बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी, लहानपणी झालेलं. त्या लग्नातलं त्यांना फक्त एकच आठवत होतं, की अंगाला हळद होती आणि चार दिवस कोणी रागावलं नव्हतं. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं. वनाभाऊ दुसऱ्याच दिवशी मिशनरी साहेबांच्या बंगल्यावर गेले.

साहेब माणूस वाईट नव्हता. मराठी पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे रागावला तरी शुद्ध बोले. वनाभाऊंनी विचारलं की भाजीत हळद चालते, जखमेवर चालते, मग पोरीच्या अंगाला का नाही? साहेब म्हणाले, "ती आधी देवाला वाहतात, वना. आज हळद आणाल, उद्या बाशिंग आणाल, परवा देवक बसवाल."

"मी आननार नही ना. मी फक्त हयद मांगस."

"नियम तुम्हीच केला आहे."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच वनाभाऊंना झोंबलं. तसा राग आधीपासून साठलेला होताच. ढोलकी बंद झाली होती, भुईवर बसणं बंद झालं होतं, आणि भजनाला ताल धरला तर पेटी वाजवणाऱ्या मॅडम मागं वळून बघत. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर वनाभाऊ देवळाच्या दारात उभे राहिले. शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "या उंबरठावर मना पाय परत पडाव नही." आणि निघाले. त्यांच्यामागं जवळजवळ अर्धी मंडळी उठली.

आम्ही जे राहिलो, ते फार धर्मनिष्ठ होतो म्हणून राहिलो असं नाही. कोणाची नोकरी मिशनची, कोणाची पोरं बोर्डिंगात, आणि काहींना नुसती बाकांची सवय झाली होती. सुपडूनाना वडिलांमध्ये पहिल्या नंबरावर आले, त्याचाही त्यांना आनंद असावा.

निंबाखालची उपासना मात्र रंगू लागली, हे कबूल करायला हवं. ढोलकी आली, टाळ आले. प्रभुभोजनाला भागाबाईंच्या हातची ज्वारीची भाकर आणि मनुका भिजवलेलं पाणी. आमच्या देवळात पाळक रुपचंद प्रार्थना करायला उभे राहिले की तिकडून भजन ऐकू येई, आणि आमची पेटी एकदम म्हातारी वाटे. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्या दिवसांत वनाभाऊ रस्त्यानं चालले तर आपलंच गाव असल्यासारखे चालत.

त्यांनी सगळं ठरवलं होतं. भजनं कोण सांगणार, भाकर कोण मोडणार, आजाऱ्यांना कोण भेटणार. मग पारोळ्याहून भिकनभाऊ आले. निंबाखालच्या खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला, फळीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "वनाभाऊ, तुम्ही ढोलकी वाजाडा, खाले बसा, मनं काही म्हननं नही. पन लगीन कोन लावी?"

"आम्ही बठ्ठा जन मियीसन प्रार्थना करसूत. देव साक्षी शे."

"देव शे. पन कागदवर सही देव करी का? पोरले मास्तरकी शे. सरकारमा नोंद नही, ते लगीन कसानं?"

ख्रिस्ती लग्न लावायला सरकारी परवाना लागतो, आणि तो पाळक रुपचंदांकडे होता, साहेबांकडे होता. निंबाखाली कोणाकडेच नव्हता. लग्नावरून मंडळी फोडली आणि लग्न लावणाराच विसरले. आम्ही यावर पोट धरून हसलो. रिबकाला आम्ही तेव्हा मोजलंच नव्हतं.

वनाभाऊ धुळ्याला जाऊन आले. कचेरीत अधिकाऱ्यापुढे लग्न होऊ शकतं, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. घरी येऊन त्यांनी हे सांगताच भागाबाई म्हणाल्या, "कचेरीमा लगीन? लगीन शे का खटला शे?" तो रस्ता तिथंच बंद झाला. भिकनभाऊंनी निरोप पाठवला की उन्हाळा संपेपर्यंत वाट पाहू. त्यापुढचं त्यांनी कळवलं नाही, पण ते सगळ्यांना समजलं.

मग पाळक रुपचंद आपण होऊन वनाभाऊंकडे गेले. साहेबांना न विचारता गेले, आणि त्यासाठी त्यांना नंतर ऐकून घ्यावं लागलं. ते म्हणाले, "लग्न मी लावतो. हळद लावता येणार नाही, आणि पोरीनं आमच्या मंडळीत परत यावं, म्हणजे मला देवळात लग्नाची पुकार करता येईल. वनाभाऊ, तुम्ही माफी मागू नका, काही बोलू नका. फक्त आत या आणि पोर द्या. बाप आत आला नाही तर मला सुपडूनानांना तुमच्या जागी उभं करावं लागेल."

"मी शास्त्रवर हात ठेवसन बोलनू," वनाभाऊ म्हणाले.

प्रभूनं तर शपथच घेऊ नका म्हणून सांगितलंय, याची पाळकांनी आठवण करून दिली. ते आधी सांगायला हवं होतं, असं वनाभाऊ म्हणाले. हट्ट होता, यात शंका नाही. पण नुसता हट्ट नव्हता. त्यांच्या शब्दावर अर्धी मंडळी बाकं सोडून भुईवर येऊन बसली होती. आता तेच उंबरठा ओलांडून आत गेले तर त्या लोकांनी कोणाकडे बघायचं?

तेवढ्यात रिबका घरातून बाहेर आली. "मनी हयदपायी मंडळी फुटनी," ती म्हणाली. "आते माले हयद नको. मी जास देवयमा."

त्यानंतर रविवारी ती एकटीच येऊ लागली. सकाळी आई-बापाबरोबर घरातून निघायची नाही, कारण ते अंगणातच बसलेले असत. ती त्यांच्या मधून, ढोलकीशेजारून, वाट काढत फाटकाबाहेर पडे आणि आमच्याकडे येऊन मागच्या बाकावर बसे. पाळकांनी तिच्या लग्नाची पुकार केली, "कोणाची हरकत असेल तर सांगावी," आणि आम्ही सगळे खाली बघत राहिलो. आमचं हसू तेव्हा संपलं. मला त्या पोरीबद्दल फार वाईट वाटलं, आणि तिच्या बापाबद्दलही.

लग्नाच्या दिवशी देऊळ भरलं. पारोळ्याची माणसं आली होती. भागाबाई आत आल्या. त्यांनी कसली शपथ घेतलेली नव्हती. निंबाखालची बाकीची मंडळी अंगणाच्या कडेला उन्हात उभी राहिली, आणि त्यांच्या पुढं, दारापासून चार हात लांब, वनाभाऊ. धुतलेलं धोतर, नवा फेटा. सुपडूनाना पहिल्या बाकावर कोट घालून बसले होते. त्यांनीही त्या दिवशी मान वर केली नाही.

गीत झालं, वाचन झालं. पाळक रुपचंदांनी पुस्तकातून विचारलं, "ही स्त्री या पुरुषाला कोण देतो?"

सुपडूनाना उठायला लागले. बाक करकरलं, ते बाक नेहमीच करकरायचं.

"मी देस."

आवाज उजव्या बाजूच्या खिडकीतून आला. वनाभाऊ तिथं येऊन उभे होते. दोन्ही हातांनी गज धरलेले, चेहरा गजांच्या मधे, फेटा थोडा मागं सरकलेला. आत पाय टाकला नव्हता. पाळक थांबले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना काय करावं ते कळलं नसावं, कारण त्यांच्या पुस्तकात खिडकीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. रिबका खिडकीकडे वळली नाही, समोरच बघत राहिली. पण तिचे खांदे हलू लागले, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

"मीच देस," वनाभाऊ पुन्हा म्हणाले, जरा हळू. "बाप मी शे."

सुपडूनाना खाली बसले. पाळकांनी पान उलटलं आणि लग्न लावलं.

बाहेर पारोळ्याची दमणी बैल जुंपून उभी होती. रिबका नवऱ्याबरोबर पायऱ्या उतरून आली तशी दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळली, कारण सगळ्यांनाच तिला सलाम करायचा होता. वनाभाऊ खिडकीपासून फिरून दमणीपाशी आले. बापलेक समोरासमोर उभे राहिले.

तेव्हा भागाबाईंनी पदराखालून पितळेची वाटी काढली. हळद तेलात कालवलेली होती. सकाळीच कालवली असणार, कारण कडा सुकल्या होत्या.

वनाभाऊ म्हणाले, "आते कसानी हयद? लगीन ते व्हई गयं."

"माले माहीत शे," भागाबाई म्हणाल्या.

लग्नानंतर हळद कोणीच लावत नाही. पाटलांच्या घरच्या बायकांनी पाहिलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि आमच्या नियमात तर ती आधीही बसत नव्हती, नंतरही नाही. ना इकडची रीत, ना तिकडची. पण भागाबाईंनी वाटी नवऱ्याच्या हातात दिली, दोन्ही हात मोकळे केले आणि भर अंगणात पोरीच्या गालांना, कपाळाला, मनगटांना, पावलांना हळद लावली. घाई केली नाही. साहेब वऱ्हांड्यात उभे होते. आमच्यापैकी कोणीतरी पुढं होऊन थांबवायला हवं होतं. कोणी हललं नाही.

ते होईपर्यंत वाटी वनाभाऊंनी धरून ठेवली होती.