निमियाची लय

“नाही. माझी पोर इतकी धावत नव्हती,” दोन्या ब्लासिदा म्हणाल्या आणि खुर्चीत आणखी ठाण मांडून बसल्या.

आपारिसियोने पुन्हा पेचकस उचलला. लुके गावातलं त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान हल्ली फोनच्या काचा बदलण्यावर चालायचं, पण असली जुनी संगणकाची खोकी उघडणारा गावात तोच एक उरला होता. आणि समोर बसलेल्या बाई हार्पच्या कारखान्यात चाळीस वर्षं तारा चढवत आलेल्या. त्यांचा कान फसवायचा म्हणजे गंमत नव्हती.

बाईंनी आणलेलं खोकं बावीस वर्षं चादरीखाली होतं. बॅटरी पाझरून बोर्ड पार खाऊन गेली होती, म्हणून त्याने भंगारातून तसाच दुसरा बोर्ड बसवला. डिस्क मात्र जिवंत निघाली, आणि डिस्कवर निमियाचं गाणं होतं. पोरीने पंधराव्या वर्षी स्वतः रचलेलं, यंत्राच्या टीचभर स्पीकरवर वाजणारं, मिनिटभराचं. एकोणिसाव्या वर्षी ती तापाने गेली. तिचा आवाज कुठे साठवलेला नाही, फोटो दोनच. आईला रोज सकाळी आठवण यायची ती याच गाण्याची, आणि मरण्याआधी एकदा ते जसंच्या तसं ऐकायचं होतं.

अडचण अशी की सूर किती वेळ धरायचा, ते पोरीने यंत्राला आकडे मोजायला लावून ठरवलं होतं. यंत्र भराभर मोजू लागलं की गाणंही धावत सुटायचं. आणि यंत्राचा वेग म्हणजे काय, तर बोर्डाचा एक ठेका असतो, प्रोसेसर त्याची दुगुन करतो नाहीतर तिगुन. हे सारं ठरतं बोर्डावरच्या नखाएवढ्या काळ्या टोप्या, म्हणजे जंपर, या खिळ्यांवरून त्या खिळ्यांवर हलवून. आपारिसियोने तेहतीसचा ठेका आणि तिगुन लावली होती, म्हणजे जवळजवळ प्रोसेसरवर छापलेला शंभराचा वेग. वर नवा पंखाही. जन्मात एकदा चोख काम केलं, तर तेच नडलं.

मग त्याने तेहतीसची दुगुन लावली. “आता आजारी असल्यासारखी वाजतेय,” बाई म्हणाल्या. चाळीसची दुगुन लावली, ऐंशी झाले. बाईंनी डोळे मिटले.

“जवळ आलं. पण शेवटच्या ओळीआधी ती थांबायची जराशी, श्वास घ्यायला. तो श्वास नाहीये यात.” त्यांनी पिशवीतून रुमाल काढला. “असू दे, माएस्त्रो. इतकं तरी मिळालं.”

पंचवीसची तिगुन उरली होती. पंच्याहत्तर. दुपारपासून आपारिसियो तिला वळसा घालत होता.

हे यंत्र त्यानेच विकलेलं. त्या काळी दुकानावर पत्रे होते, आणि जानेवारीच्या भर उन्हाळ्यात बेचाळीस अंशाला शंभरावरची यंत्रं अडकून बसायची. गिऱ्हाइकं बोंबलत परत यायची. म्हणून त्याने गुपचूप ठेका पंचवीसवर आणून ठेवायचा प्रघात पाडला. खोक्याच्या तोंडावर पेटणाऱ्या आकड्यांचे जंपर वेगळे, त्यांचा वेगाशी काडीचा संबंध नाही. तिथे तो शंभरच पेटवायचा. कुणाला कळलं नाही. निमियाला कळलं. एका शनिवारी, भरल्या दुकानात, ती वहीचं पान घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी मोजून पाहिलंय, हे पंच्याहत्तरवर चालतंय. त्याने पेटलेल्या शंभराकडे बोट दाखवून विचारलं, पोरी, आकडे वाचता येत नाहीत का तुला? लोक हसले. ओशाळलेल्या आईने तिला तिथल्या तिथे माफी मागायला लावली. तिने जमिनीकडे बघत मागितली.

त्याआधी ती रोज दुपारी यायची, प्रश्न विचारून डोकं खायची. नंतर कधी आली नाही. आपारिसियोला मूलबाळ नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं दुपारी दार वाजलं की त्याचा हात थांबायचा.

आता पाचाचा फरक, कोण विचारतंय? बाई स्वतःच असू दे म्हणाल्या होत्या. तो झाकण लावायला लागला. पण गाणं संपलं तरी बाईंचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं, आपल्याच आठवणीतला, जरा मागे रेंगाळणारा. त्याला बघवेना. त्याने झाकण काढलं आणि टोप्या हलवल्या.

गाणं सुरू झालं. शेवटच्या ओळीआधी सूर जरा थांबला, आणि बाईंनीही त्याच्याबरोबर श्वास घेतला. मग त्या रडल्या, रुमाल हातात असून डोळे न पुसता.

“कसं सापडलं तुम्हाला?”

योगायोग म्हणता आलं असतं. जीभ तिकडे वळलीही होती.

“सापडायचंय काय, दोन्या ब्लासिदा. तेव्हा मीच लावलं होतं हे. उन्हात यंत्र अडायचं म्हणून. ती म्हणाली ते खरं होतं.”

रस्त्यावरून चिपाचे गरम पाव विकणारी ओरडत गेली.

“त्या शनिवारनंतर दोन दिवस जेवली नव्हती,” दोन्या ब्लासिदा म्हणाल्या. “मी म्हटलं, हट्टी आहे कार्टी.”

तो माफी मागू लागला तर त्यांनी हात वर करून थांबवलं. “मला नको. उद्या शनिवार. दुकानात माणसं असतात ना?”

“असतात.”

“मग उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी त्या इस्त्रीचा झगा आणि चांदीच्या जाळीची कर्णफुलं घालून आल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांतल्या तिघांचा तर निमिया होती तेव्हा जन्मही झाला नव्हता. आपारिसियो गल्ल्यामागून बाहेर आला.

“निमिया कान्येते नावाच्या मुलीने इथे मला सांगितलं होतं, तिचं यंत्र पंच्याहत्तरवर चालतंय,” तो म्हणाला. “मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. ती बरोबर होती. मी चुकलो, पोरी. माफ कर.”

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन्या ब्लासिदा मात्र हात जोडून ताठ उभ्या होत्या, पोरीचा निकाल ऐकायला शाळेत आल्यासारख्या. एका पोराने हळूच विचारलं, माझा फोन झाला का?

“त्याचा द्या आधी,” दोन्या ब्लासिदा म्हणाल्या. “मला घाई नाही.” आणि त्या निमियाच्या खोक्याशेजारच्या खुर्चीत बसल्या.