अंजनीचा लंबक

मदन महाल वस्तीतल्या मराठी मंडळाच्या खोलीत चार बाकं, एक फळा, सहा खिडक्या, नऊ विद्यार्थिनी आणि त्यांची मिळून अकरा मुलं होती: आठ चालती, दोन रांगती, एक पाळण्यातलं. खिडक्यांवर एकाहत्तरच्या डिसेंबरच्या लढाईतला, ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच होता. विज्ञानाचं साहित्य म्हणजे एक स्टॉपवॉच, एक मीटरपट्टी, एक पितळी गोळा आणि दोऱ्याचं रीळ. शिवाय मी, विनता, नवीकोरी बी.एस्सी., वय एकवीस. नऊही जणी माझ्याहून मोठ्या, तरी मला दीदी म्हणायच्या.

दुपारचा भोंगा झाला आणि नवरे कारखान्याच्या दुसऱ्या पाळीला गेले की वर्ग भरायचा.

अंजनीचं शिक्षण सोळाव्या वर्षी लग्नाने थांबलं होतं. आता तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी विज्ञान घेऊन हायर सेकंडरी पास व्हायला हवं होतं, आणि जूनमध्ये ती वयाची मर्यादा ओलांडत होती. म्हणजे ही एकच परीक्षा. प्रात्यक्षिकात नापास झाली की सगळ्यातच नापास.

लेखी उत्तरं ती घडाघड लिहायची. घोटाळा लंबकाने केला.

प्रयोग सोपा. दोऱ्याला गोळा टांगायचा, हळूच सोडायचा, वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९८०च्या आसपास यायला हवं. अंजनीचं १३६६ आलं.

"दीदी, हे काहून असं?"

"या हिशेबाने पृथ्वीवर आपण सगळ्या जवळजवळ दीडपट जड आहोत."

"तरीच!" शकू मागच्या बाकावरून ओरडली. "माझं वजन काहून वाढून राहिलं, ते आज समजलं! सासूला सांगते, भाताचा दोष नाही, अंजनीचा आहे."

दुसऱ्यांदा मी गोळ्याकडे न पाहता अंजनीकडे पाहिलं. तिसऱ्या हेलकाव्याला तिचा डावा हात अलगद पुढे गेला आणि गोळ्याला झोका देऊन आला. पाचव्याला ती "जो जो" गुणगुणत होती. बाराव्याला आकडा विसरली. पाळण्यातला तिचा चंदू मात्र झोपला होता.

"अंजनीताई, तुम्ही त्याला ढकलताय."

"मी? नाही हो!"

"ढकलते, ढकलते!" आठ जणींनी साक्ष दिली.

सहा वर्षं, दोन मुलं. समोर काही हलताना दिसलं की तिचा हात आपोआप जायचा. शकूने तिचा डावा हात धरला, तर स्टॉपवॉचसकट उजवा गेला. दोन्ही धरले, तेव्हा टेबलच थरथरू लागलं. खाली वाकून पाहिलं, तर पायाचा अंगठा टेबलाचा पाय हलवत होता. स्वयंपाक करताना पाळण्याची दोरी ती अंगठ्यालाच बांधायची. वर्ग इतका हसला की रांगती दोन्ही मुलं रडायला लागली.

"हसा तुम्ही," अंजनी डोळे पुसत म्हणाली. ती हसत होती की रडत, मला नक्की सांगता येणार नाही. "वर्ष माझं जाऊन राहिलं."

मार्चमध्ये प्रात्यक्षिकाला तिला चिठ्ठी निघाली ती लंबकाचीच. त्या शाळेच्या खिडक्यांनाही काळा कागद होता. त्यात करंगळीएवढं भोक सापडलं, त्याला मी डोळा लावला. व्हरांड्यात तिच्या सासूबाई, अनसूयाबाई, चंदूला घेऊन उभ्या होत्या.

पहिल्याच मोजणीत हात पुढे गेला. अंजनीने जीभ चावली, गोळा थांबवला. तेवढ्यात चंदूने भोकाड पसरलं.

परीक्षक दारात आले. "किसका बच्चा है? या तो चुप कराइए, या इसकी माँ को दीजिए! मुझे कुछ सुनाई नहीं दे रहा!"

अनसूयाबाईंनी दुसरा पर्याय लगेच स्वीकारला.

आता अंजनीच्या डाव्या कडेवर चंदू, उजव्या हातात स्टॉपवॉच. तिने दाताने पदर सावरला, गोळा सोडला आणि मोजू लागली. डावा हात चंदूला थोपटत होता, अंगठ्यापर्यंत सगळी अंजनी चंदूला डोलवत होती, आणि लंबक पहिल्यांदाच एकटा हलत होता.

नवव्या हेलकाव्याला चंदूने गोळ्याकडे हात लांबवला.

मी खिडकीवर कपाळ आपटलं. परीक्षकांनी झटकन आपलं पेन पुढे केलं. चंदूने ते पकडलं आणि टोपणासह तोंडात घातलं.

"अठारह," परीक्षक पुटपुटले. तेही मोजत होते. "उन्नीस..."

"वीस!" अंजनीने बटण दाबलं.

लंबकाची लांबी १०० सेंटिमीटर. वीस हेलकाव्यांना ४०.२ सेकंद. गुरुत्वत्वरण ९७७. गुण तीसपैकी सव्वीस.