दोन मिनिटांचा गारवा

खट्. छपरावरचा एसी पुन्हा बंद पडला, तसा तिने दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

दोन मिनिटं चालायचा, पाच मिनिटं दम खायचा. सकाळपासून हेच. पुढचा रस्ता दुरुस्तीसाठी संध्याकाळपर्यंत बंद, म्हणून भाड्याची मोटरहोम पेट्रोल पंपामागे उभी होती. आत सदतीस अंश. मागच्या पलंगावर, काल इस्पितळातून निघताना हट्टाने लावून घेतलेल्या पडद्याआड, बाबा. हृदयाच्या शस्त्रक्रियेला जेमतेम नऊ दिवस झाले होते, आणि उकाड्यात अजिबात ठेवू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

“व्होल्टेज बघितलंस?” पडद्यामागून बाबांनी विचारलं. बेचाळीस वर्षं त्यांनी एसी दुरुस्त केले होते. तिला हे काम त्यांनीच शिकवलं.

“बघितलं. ठीक आहे.”

“मग वर चढ. कंडेन्सर चोंदला असेल.”

ती चढली. पत्रा तळव्यांना चटके देत होता आणि कंडेन्सर लख्ख होता. खाली आली तर बाबांना धाप लागलेली.

“बाबा, पंपाच्या ऑफिसात चला. तिथं गार आहे.”

“मी कुठेही येणार नाही. बोर्ड बघ.”

बोर्ड उघडता उघडता ती थबकली. हवा कुठे जाते ते आधी बघ, असं पहिल्याच दिवशी शिकवणारा माणूस आज तिला नुसता गावभर फिरवत होता. एसी सुरू होताच तिने टिश्यूची पट्टी फाडून गार हवेच्या झोतात धरली. झोत पडद्यावर आपटत होता. पट्टी उलटी वळली, थेट हवा आत ओढणाऱ्या जाळीकडे. तिथल्या सेन्सरला वाटत होतं, गाडी गार झाली. खट्.

“पडदा काढायला हवा, बाबा.”

तिने पडद्याच्या पहिल्या हुकाला हात घातला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या खटक्यालाच.” मग धापेतून, “काढू नकोस.”

तिला इतका संताप आला की हुक सुटेनात. शेवटी तिने पडदा ओढूनच काढला.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. चादरीखालून आलेली नळी पलंगाच्या कडेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीत गेली होती. खाली ओला टॉवेल, सकाळी एकट्याने केलेल्या खटपटीचा.

एसी सुरू झाला. दोन मिनिटं गेली, चार गेली. खट् झालं नाही.

“भरलीय,” बाबा भिंतीलाच म्हणाले. “तोटी खाली आहे. सावकाश सोड.”