झोपेचा आलेख

रातमावशींचा एक नियम होता. नव्या घरी गेलं की बाळाकडे नंतर बघायचं, आधी घरात जागं कोण कोण आहे ते मोजायचं. बावीस वर्षं त्या बाळंतिणींच्या घरी रात्री जागत होत्या, नऊला यायच्या आणि सकाळी सहाला जायच्या. त्यांचं ठाम मत होतं की घरात सगळ्यात कमी त्रास बाळाचा असतो. त्याला फक्त दूध हवं असतं. मोठ्यांना माहिती हवी असते.

या घरी चौघं जागी होती. दहा दिवसांचं बाळ, त्याची आई, आई झोपली का हे बघणारा बाप आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारी बापाची आई. बाळंतिणीला दहा दिवसांत सलग दोन तास झोप नव्हती. दुपारीच तिने मोबाइल फ्रिजमध्ये ठेवला होता आणि बाळासाठी काढलेलं दूध चार्जरशेजारी. घरच्यांना त्याचं भारी हसू आलं. मावशींना आलं नाही. त्यांनी तिचे डोळे बघितले. आज ही झोपली नाही तर कोलमडेल, हे त्यांना दिसत होतं.

बाप शिकलेला माणूस. कचेरीत इतरांचे अहवाल तपासायचा, आता घरबसल्या नवं खातं हाताशी आलं होतं. बाळाच्या पायात त्याने हालचाल आणि आवाज टिपणारा एक मऊ पट्टा बांधला होता. बाळ हललं की मोबाइल किणकिणायचा, फार वेळ हललं नाही तरी किणकिणायचा. बाळ ठणठणीत आहे, पट्टा कशाला, असं डॉक्टर म्हणाले होते. पण डॉक्टरांकडे आलेख कुठे होता?

"ॲपमध्ये आईच्या झोपेचीही नोंद ठेवतो," तो छाती काढून म्हणाला.

"ती कशी ठेवता?"

"दर दोन तासांनी तिला विचारतो, झोप लागली होती का म्हणून."

मावशींनी कपाळाला हात लावला. "मग ती काय सांगते?"

"हल्ली नीट उत्तरच देत नाही. चिडते."

"मी तर बाई आवाजसुद्धा करत नाही," आजी दारातून म्हणाल्या. "नुसतं कानाशी जाऊन विचारते, झोपलीस का गं?"

"आजची रात्र तिला कुणी काही विचारू नका," मावशी म्हणाल्या.

"असं कसं? मधेच खंड पडला तर सरासरी बिघडते." त्याने मोबाइल सरळ धरला. "आणि मावशी, आजची रात्र चाचणीच समजा. तुम्हाला ठेवायचं की नाही, ते आकडे सांगतील."

पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात अर्थ नव्हता. साडेदहाला बाळंतिणीने बाळाला पाजलं.

"रडलं तर उठवाल ना मावशी?"

"गरज पडली तर उठवीन. झोप पोरी." मावशी बाळाला घेऊन बाहेर आल्या आणि दार लोटून घेतलं.

मग त्यांनी घरात कामं वाटली. आजींपुढे धुतलेल्या दुपट्यांचा ढीग ठेवला. "तुमच्या हातासारख्या घड्या कुणाला जमायच्या?" स्तुती कुणाला कडू लागते! सातव्या दुपट्याला आजींची मान कलंडली.

बाप मात्र सोफ्यावर टक्क जागा. साडेअकराला मोबाइल किणकिणला आणि तो बायकोच्या दाराकडे निघाला. मावशी आडव्या आल्या.

"दादा, पट्टा नीट चालतो का, बघितलंय कधी? बाळाचा पाय तो केवढा! यंत्रच चुकत असेल तर सगळी नोंद खोटी."

नोंद खोटी म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "मग?"

"तुमच्या अंगठ्यात घालून बघू. पंधरा मिनिटं आडवं पडायचं. हललात की आकडा चुकला."

तपासणी म्हटल्यावर स्वारी खूश. पायाच्या अंगठ्यात पट्टा अडकवून तो शिस्तीत आडवा झाला. तोही दहा दिवसांचा जागाच होता. चौथ्या मिनिटाला घोरायला लागला.

एक वाजता बाळ कुरकुरलं. मावशींनी फ्रिजमधलं आईचं दूध कोमट केलं, चमच्याने पाजलं, ढेकर काढली, लंगोट बदलला. साडेतीनला पुन्हा तेच. आतल्या खोलीतून चकार शब्द आला नाही. "तुझी आई झोपलीय रे राजा," मावशी बाळाला म्हणाल्या. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांना कधी शिळं वाटलं नव्हतं.

साडेपाचला बाप मोबाइल बघत ओरडतच उठला. "पाच तास पन्नास मिनिटं! बाळ सलग झोपलं!"

आजी दुपट्यांतून उठल्या. "आमच्याच घरावर गेलंय. हासुद्धा लहानपणी अस्साच झोपायचा."

"मावशी, राग मानू नका," बाप म्हणाला, "पण बाळ एवढं झोपत असेल तर रात्री तुमची गरज काय?"

मावशींनी दुपटी उचलायला घेतली. खरं सांगावं तर आज रात्री पुन्हा दर दोन तासांनी विचारपूस. न सांगावं तरी तेच, आणि अडवायला त्याही नाहीत.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. बाळंतिणीच्या गालावर उशीचा वळ होता आणि तोंडावर तरतरी. तिने आधी पाळण्यात बघितलं. बाळाचे दोन्ही पाय मोकळे होते. मग तिची नजर नवऱ्याच्या अंगठ्यावर गेली.

"बाळ घोरल्याची नोंद आहे का रे त्यात?"

"आहे ना! तासन्‌तास. डॉक्टरांना विचारायला हवं." एवढं बोलून तो तिच्या नजरेमागे खाली बघायला लागला, आणि हळूच त्याने पाय सोफ्याखाली घेतला.

"मावशी, रात्री नऊला या," ती म्हणाली. "पट्टा आहे तिथेच राहू दे."

सवयीने नवऱ्याने मोबाइल उचलला, तोंड उघडलं. ती त्याच्याआधी बोलली, आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"लिही. आई झोपली होती. कुणी विचारलं नाही म्हणून."