माणूस मावेल एवढं दार

मंडळी, कुठे घाण दिसली की आपलं बोट आधी झाडणाऱ्याकडे जातं. त्याचा झाडू पोहोचतो कुठवर, हे बघायची तसदी आपण घेत नाही.

टोमॅटोचा रस आटवणाऱ्या एका कारखान्यात हेच झालं. रस आटवायच्या उंच टाकीतून कुजका वास येऊ लागला, तयार लगद्यात काळे कण निघाले. मालकांनी टाकीचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोष धुणाऱ्याचा म्हटला, की धुणाऱ्याला घरी बसवायचं, असं ठरूनच गेलं होतं.

इंजिनिअरने नाकाला रुमाल लावला. "डिझाइनमध्ये खोट नाही. चाचणी घेऊनच टाकी दिली होती. ही माणसंच कामचुकार."

"चाचणी कशावर घेतलीत?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"पाण्यावर. सगळेच घेतात."

"पाणी कुठे चिकटतं? आम्ही इथे टोमॅटो उकळतो. वाफ बंद आहे, टाकी गार आहे, आतली हवा तपासलीय. आता तुम्हीच आत जाऊन घासून दाखवा."

माघार घ्यायची तरी कशी? दाराचं भोक त्यानेच आखलेलं, पत्रा कापायचं काम वाचावं म्हणून लहान. डोकं गेलं, खांदे कसेबसे गेले आणि पोट अडकलं. त्याने बॅटरी वर फिरवली. आतल्या वाफेच्या नळ्यांच्या मागे, जिथे ब्रश जाणंच शक्य नव्हतं, तिथे करपलेल्या रसाचे काळे पापुद्रे लोंबत होते आणि त्यांवर बुळबुळीत साय धरली होती. तिचा एक चिकट थेंब नेमका त्याच्या ओठावर पडला. शी! पण त्याहून जास्त किळस त्याला स्वतःच्या मघाच्या बोलण्याची आली. या भोकातून रोज एक माणूस अंग खरवडून घेत आत उतरत होता, आणि आपण त्याला कामचुकार म्हणालो.

त्याच धुणाऱ्या माणसाने पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

"मग, काढू ना याला?" मालकांनी विचारलं.

"त्याला नको, ते दार काढा," इंजिनिअर ओठ पुसत म्हणाला. "मोठं करून देतो. नळ्यांमागे हात जाईल अशी जागाही ठेवतो. चूक माझी आहे."

"आणि चाचणी?" बाईंनी विचारलं.

"टोमॅटोवर घेईन."

आता त्याच्या ऑफिसात प्रत्येक नव्या टाकीच्या दाराएवढं भोक पुठ्ठ्याला पाडतात. ड्रॉइंग करणारा त्यातून सबंध पलीकडे गेल्याशिवाय ड्रॉइंग पुढे सरकत नाही. मध्यंतरी खुद्द मोठे साहेब अडकले, तेव्हा दारच वाढवलं गेलं.

आपणही घर बांधतो, गटार बांधतो, यंत्र घडवतो. कागदावर रेघ मारण्याआधी एवढंच विचारावं, हे धुणार कोण आणि त्याचा हात तिथे पोहोचणार कसा?