झाकण लावलेली बाटली

तेलाचा वास घ्यायला मामांना पूर्वी दोन सेकंद पुरत. आता सात लागतात, आणि शेवटचे पाच सेकंद ते बाटलीकडे नाही, समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघत असतात.

हे माझे सख्खे मामा, आणि शहरातल्या फास्ट फूड दुकानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष. दर मंगळवारी सकाळी, दुकानं उघडण्याआधी, प्रत्येक सभासद तळणीचं आदल्या दिवशीचं तेल लहान बाटलीत घेऊन कार्यालयात येतो. मामा हुंगतात आणि सांगतात, "चालेल" किंवा "फेका". त्यापुढे दाद नाही. स्वतःच्या दुकानाचं तेलही त्यांनी सात वेळा फेकायला लावलं आहे. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून नोंदवही माझ्याकडे.

मागच्या थंडीत त्यांनी बर्गरवाल्या मावशींची बाटली हुंगली आणि "चालेल" म्हणाले. बाटलीला झाकण होतं.

कोणी हसलं नाही. एरवी ही मंडळी एकमेकांच्या टकलावरून तासभर हसतात. मावशींनी बाटली पिशवीत टाकली आणि खुर्च्या फार करकरतात, हा विषय काढला.

त्या आठवड्यापासून मी सगळ्यांच्या बाटल्या ठेवून घेऊ लागले आणि सभा संपली की एकेकीत तपासणीची पट्टी बुडवू लागले. निळी पट्टी पिवळी पडली, की तेल बाद. चार महिने एकही पिवळी पडली नाही. पट्ट्याच जुन्या असतील म्हणून नवं पाकीट आणलं, तरी तेच. शेवटी मावशींनीच सांगितलं. मामांचा शब्द खोटा पडू नये म्हणून सगळे जरा शंका आली तरी तेल दुकानातच फेकत होते. जावयाला जपावं तसं तेल जपत होते.

'दुसरा तपासनीस नेमणे' हा विषय मात्र दोन वर्षं विषयपत्रिकेच्या तळाशी पडून होता. "पुढच्या सभेत बघू," मामा म्हणत, आणि मी तसं लिहून घेई. खराब तेल एक दिवस मामांच्या "चालेल"वर कढईत जाईल आणि कोणाचं तरी पोट बिघडेल, या धास्तीने मला मंगळवार नकोसा व्हायचा.

काल पिझ्झावाल्यांच्या शेजारचा नवा सभासद पहिल्यांदा आला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. जुन्या तेलात ताजं मिसळल्यामुळे रंग छान होता, पण खवट वास माझ्यापर्यंत, तिसऱ्या खुर्चीपर्यंत आला. मामांनी बाटली धरली. सात सेकंद झाले, बारा झाले. मावशी खोकल्या. मग पिझ्झावाले खोकले, मग अख्खी रांग. नव्या सभासदाने काळजीने विचारलं, साथ आली आहे का.

मामांनी बाटली खाली ठेवली.

"खोकू नका रे," ते म्हणाले. "सलग चार महिने सगळ्यांचं तेल चांगलं? वीस वर्षांत तुम्ही इतके गुणी कधी नव्हतात. तेव्हाच मला कळलं."

मावशी पदराशी चाळा करत बसल्या. मामांनी माझ्यासमोरची विषयपत्रिका ओढून घेतली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

"लिही, पोरी. दोन वर्षं वास कमी होत होता, आता येतच नाही. आजपासून तेल तू बघायचंस."