एकवीस इंचांचा ठराव

सहकार हा बारामती-इंदापूरच्या मातीचा प्राण आहे. इथला माणूस एकट्यानं फक्त शिंकतो. बाकी सगळं बहुमतानं करतो. त्यामुळं १९९६ साली दोन्ही तालुक्यांतल्या दहा जणांनी सायकल मंडळ काढलं, तेव्हा पहिल्या सभेत सायकलीचा विषय निघालाच नाही. चेअरमन, व्हाइस-चेअरमन, सेक्रेटरी आणि शिक्का एवढ्यातच संध्याकाळ संपली.

चेअरमन झाले पणदऱ्याचे दत्तोबा तात्या. ते सायकल चालवत नसत. पण चार संस्था चालवणाऱ्याला दोन चाकांचं काय अवघड, असं सगळ्यांचं मत पडलं.

प्रत्यक्ष सायकल चालवण्यात मंडळात दोघंच खरे. एक योगिनीबाई. त्या इंदापूरला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, आणि त्यांची उंची पाच फुटांना बोटभर कमी होती. दुसरा म्हस्कू, एमआयडीसीत मशीनवर कामाला, सहा फूट दोन इंच. त्याचा आजा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने चालायचा, त्यामुळं लांबच्या पल्ल्याचं म्हस्कूला काही वाटत नसे. दर रविवारी हे दोघं पुढं असत आणि बाकीचे चहाच्या टपरीवर.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका क्लबचं पत्र आलं. फेब्रुवारीत पुणे ते गोवा, सायकलवर, चार दिवस. आपल्या सभासदांनी सहभागी व्हावं. तात्यांनी पत्र वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थही सांगितला.

"म्हंजी दोन जागा. आपल्याला कुठंबी दोनच देत्यात. तवा चाचणी घ्यायची. बारामती, इंदापूर, भिगवण आन् परत बारामती. सहा तासांत येतील त्यातले पयले दोन."

योगिनीबाईंनी ही फेरी आपल्या लेडीज सायकलवर सहा तास वीस मिनिटांत केली होती. गोव्याचं ऐकल्यापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नव्हतं. स्वतःच्या पायानं समुद्रापर्यंत जायचं. मुख्याध्यापिकांकडून त्यांनी चार दिवसांची रजा आधीच कबूल करून घेतली. वीस मिनिटं तेवढी कमी करायची राहिली होती. त्यासाठी धड सायकल हवी होती.

सायकल निवडायचं काम सेक्रेटरी नागेशकडं आलं. नागेश एका डेअरीत दुधाची फॅट तपासायचा. शंका घेणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. तीन वेळा पुण्याला जाऊन आल्यावर त्यानं सभेत सांगितलं ते असं. स्वस्तातली रेसर घेऊ नका, तिच्या लोखंडी रिमवर पाणी पडलं की ब्रेक नुसते ओरडतात. परदेशी घेऊ नका, तिचा स्पोक तुटला तर पुणं गाठावं लागेल. मधल्या भावातली घ्या. ॲल्युमिनियमच्या रिम, बारा गिअर, चांगल्या पोलादाची फ्रेम, आणि मागं कॅरिअर लावायला भोकं. दहा एकदम घेतल्या तर दुकानदार सवलत देतोय.

"पण बाकी सगळं विसरलात तरी माप विसरू नका," नागेश म्हणाला. "हिची फ्रेम एकोणीस, एकवीस आणि तेवीस इंचांत येते. ज्यानं त्यानं आपल्या पायाच्या मापानं घ्यायची."

"भाव?" तात्यांनी विचारलं.

"तिन्हींचा एकच."

उसाच्या मुलखात वजन न बघता भाव लावलेला कुणी ऐकला नव्हता.

"एकोणीसला आन् तेवीसला एकच भाव?" तात्या म्हणाले. "म्हंजी म्हस्कूला चार इंच लोखंड फुकट?"

"तात्या, मी काय सवलतीसाठी वाढलो न्हाय," म्हस्कू म्हणाला.

"तसं कोन म्हनलं? पर उद्या सभासदांनी इचारलं तर काय सांगायचं?"

"सभासद आपणच दहा जण आहोत," नागेश म्हणाला.

"मंग आपुनच इचारू की."

योगिनीबाई उठल्या. "तात्या, चपला आणताना घरातल्या सगळ्यांना एकाच मापाच्या आणता का?"

"चपला संस्थेच्या नसत्यात, बाई."

खताचं दुकान चालवणारा सिद्धू म्हणाला, "मंग मलाबी तेवीसच पायजे. पाय आखूड असलं म्हनून काय झालं? पैसं तर पुरं देतुय."

शेवटी गेणबा मास्तरांनी तोड काढली. मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले होते. ते म्हणाले, सगळ्यांची मापं घ्या, सरासरी काढा, आणि दहाच्या दहा सायकली त्या मापाच्या आणा. लोखंड समान, न्याय समान.

नागेशनं दुकानदाराकडून शिकलेल्या पद्धतीनं मापं घेतली. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन मांड्यांच्या मधे वही वरपर्यंत दाबून धरायची, आणि वहीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याच्या साधारण दोन-तृतीयांश फ्रेम. योगिनीबाईंनी आपलं माप घरून चिठ्ठीवर आणलं. तात्यांनीही माप दिलं. सायकल चालवत नसले तरी ते सभासद होते, आणि वही त्यांनी सोडली ती ठराव झाल्यावरच.

सरासरी आली एकवीस पूर्णांक एक दशांश. एक दशांश मास्तरांनी मोठ्या मनानं सोडून दिला. सहा जणांना एकवीस इंच तसंही बरोबर बसत होतं, त्यामुळं त्यांना हा विचार फार शास्त्रीय वाटला. "मंडळाच्या सायकलींचं माप सरासरी एकवीस इंच राहील," असा ठराव आठ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. ते दोन कोण, हे सांगायला नको.

डिसेंबरात टेम्पोतून दहा सायकली आल्या. सायकली उत्तम होत्या. फक्त योगिनीबाई मधली दांडी टांगेत घेऊन उभ्या राहिल्या की पाय जमिनीला टेकेनात. चढायला दगड लागे, उतरायलाही दगड लागे, आणि इंदापूर रस्त्यावर जिथं थांबावं तिथं दगड असेलच असं नाही. हँडल इतकं लांब की निमगाव केतकीपर्यंत मान धरायची. फेरीला सहा तास पस्तीस मिनिटं लागली. म्हणजे बारा गिअर घेऊन बाई लेडीज सायकलपेक्षा पाव तास मागं आल्या. तिकडं म्हस्कूनं सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर ओढली, तरी त्याचे गुडघे हँडलला लागत.

बाई तात्यांकडं गेल्या.

"चार दिस चालवा," तात्या म्हणाले. "सवय व्हईल."

"सवयीनं पाय वाढत नाहीत, तात्या."

"ते संस्थेच्या हातात न्हाय."

बाहेर म्हस्कू उभा होता. तो म्हणाला, "बाई, तुमची सायकल एक दिस माझ्याकडं द्या."

"कशाला?"

"दुकानदाराला भाव एकच हाय न्हवं? मग त्याला काय फरक पडतुय?"

सुट्टीच्या दिवशी म्हस्कूनं दोन्ही सायकली पुण्याच्या एसटीच्या टपावर टाकल्या आणि संध्याकाळी दोन्ही परत आणल्या. रंग तोच, गिअर तेच. बाईंनी एकोणीस इंचीवर पाय टाकला, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. तशाच इंदापूरपर्यंत चालवत गेल्या आणि घरी पोचल्यावर घड्याळ बघितलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी, पहाटे सहाला, सगळे एमआयडीसीच्या फाट्यावर जमले. सिद्धूनं दोनदा मान वाकडी करून बघितलं.

"तात्या, म्हस्क्याची सायकल वाढलीय."

"थंडी हाय, सिद्धू. घरी जाऊन झोप," म्हस्कू म्हणाला.

पण तात्यांनी शिंप्याचा टेप मागवला. नागेशनं मोजलं. म्हस्कूची तेवीस. मग सगळ्यांच्याच मोजल्या. योगिनीबाईंची एकोणीस. बाकी आठ एकवीस.

"ठरावाचा भंग," तात्या म्हणाले. "दोघंबी बाद."

बाईंनी दोन्ही ब्रेक घट्ट धरले होते. रजेचा अर्ज मंजूर होऊन आला होता, आणि शाळेतल्या मुलींनी भिंतीवरच्या नकाशात पुण्यापासून गोव्यापर्यंत पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली होती.

"नागेशराव, ठराव वाचा," त्या म्हणाल्या.

नागेशनं पिशवीतून वही काढली. "मंडळाच्या सायकलींचं माप सरासरी एकवीस इंच राहील."

"मास्तर, एकोणीस आणि तेवीसची सरासरी किती?"

गेणबा मास्तरांना कागदाची गरज नव्हती, तरी त्यांनी तो काढला. "एकवीस."

"आणि दहांची?"

मास्तरांनी वेळ घेतला. लोक पाय आपटत उभे होते. "एकवीसच. उलट पूर्णांकात येतंय."

तात्या विचारात पडले. "म्हंजी लोखंड तेवढंच?"

"एक इंचबी इकडचं तिकडं न्हाय," म्हस्कू म्हणाला. "बाईंचं दोन इंच मी वापरतुय, एवढंच."

"बाईंची हरकत?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या.

"मंग संस्थेचं काय नुसकान न्हाय. सुटा."

रस्त्यावर कारखान्याचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालले होते. लासुर्ण्यापर्यंत समोरून वारा होता. बाईंनी हँडल खालून धरलं, तरी या वेळी त्यांची मान धरली नाही. इंदापूरला त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं, केळं खाल्लं ते सायकलवरच. मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या हवेनं सायकल हलायची, पण पायांना आता जमीन कुठं आहे ते माहीत होतं. भिगवणला सिद्धू मागं राहिला तो राहिलाच. ताजी मासळी दिसली, तो खानावळीत शिरला, आणि माशाला वेळेची अट नसते असं त्यानं नंतर सभेत सांगितलं.

म्हस्कू पाच तास नऊ मिनिटांत आला. योगिनीबाई पाच तास अठरा मिनिटांत. बाईंनी सायकल फाट्यावरच्या लिंबाला टेकवली, रस्त्याच्या कडेला बसल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या. तात्यांनी दोघांचा हार घालून सत्कार केला आणि सरासरीचा विचार मूळ आपलाच होता, असं दोन शब्दांत सांगितलं. ते दोन शब्द पंधरा मिनिटं चालले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या शिक्क्यानिशी दोन नावं पुण्याला गेली. सोबत चाचणीचा निकाल, वेळा, ठरावाची नक्कल आणि दहा सायकलींच्या मापांचा तक्ता जोडला होता.

आठवड्यानं क्लबचं पोस्टकार्ड आलं. दोन्ही नावं नोंदवली आहेत, त्यांच्यासह आतापर्यंत एकूण पाच नावं आली आहेत. सोबतच्या तक्त्याचं प्रयोजन कळलं नाही. जागांना मर्यादा नाही, वेळेची अट नाही, सायकल कोणतीही चालेल.